तिने तीच गोष्ट सात जणांना का सांगायची? गोव्यातल्या सगळ्या संबंधित खात्यांना खुलं पत्र

महिला व बालविकास, पोलीस, शिक्षण, आरोग्य आणि पंचायत खात्यातल्या साहेब-मॅडमना, बाल कल्याण समितीवरच्या मंडळींना, आणि कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या संस्थांतल्या ताई-दादांना,

नमस्कार.

मी उत्तर गोव्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. 19 वर्षं झाली. गावाचं नाव लिहीत नाही, मुलांची नावं तर नाहीच, आणि काही तपशील मुद्दाम बदललेत, कारण अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे आणि कायदा नसता तरी मी केली नसती. कुठलं ऑफिस, कुठली शाळा, कुठलं पोलीस स्टेशन तेही लिहिणार नाही. मला कोणाची तक्रार करायची नाहीये. खरं सांगायचं तर या गोष्टीत एकही माणूस वाईट वागलेला नाही (बाप सोडून, आणि त्याच्याबद्दलही पुढे लिहिते), आणि म्हणूनच हे पत्र लिहावंसं वाटलं. माणसं बरी असून असं होत असेल तर गडबड दुसरीकडे कुठेतरी आहे ना.

झालं असं की जुलैत एक मुलगी अंगणवाडीच्या दारात येऊन उभी राहायला लागली. वय 10, जवळच्याच प्राथमिक शाळेत, तिचा भाऊ माझ्याकडे, साडेचार वर्षांचा. शाळेची मधली सुट्टी झाली की ही यायची. आत यायची नाही, चप्पलसुद्धा काढायची नाही, उंबऱ्याच्या बाहेरच. हातात डब्याचं झाकण असायचं. डबा नाही, नुसतं झाकण, स्टीलचं. भाऊ आपल्या ताटलीतली मुगाची उसळ अर्धी खायचा आणि अर्धी त्या झाकणात ओतायचा, ती तिथेच भिंतीला टेकून खायची आणि झाकण नळाखाली धुवून पावसातून पळत शाळेत परत. दोघंही एकमेकांशी काही बोलायची नाहीत. पहिल्यांदा मला वाटलं भावाला बघायला येते. चौथ्या की पाचव्या दिवशी लक्षात आलं की ही जेवायला येते, आणि डबा का आणत नाही तर डब्यात घालायला घरात काही नसतं आणि रिकामा डबा घेऊन आलं तर लोकांना कळतं, झाकण दप्तरात लपतं.

दहा वर्षांच्या मुलीने हे डोकं लावलं होतं!

मी तिला आत बसवून वाढायला लागले. आता ऑफिसात बसलेलं कोणी म्हणेल की 10 वर्षांची मुलगी तुमच्या यादीत नाही, तिला अंगणवाडीचा आहार कसा दिला. दिला. लिहून ठेवा.

मग एक दिवस तिचा फ्रॉक भिजलेला म्हणून मी टॉवेल दिला, तर पाठीवर वळ. पट्ट्याच्या बकलाचा आकार असा स्पष्ट की विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं. तिने सांगितलं. आई जून महिन्यात निघून गेली, कुठे ते माहीत नाही, बाप रात्री पिऊन येतो, भाऊ रडला की मार, ती मध्ये पडली की तिला मार. हे तिने पहिल्यांदा सांगितलं ते मला. एक नंबर लक्षात ठेवा, पुढे मोजायचंय.

आता माझी चूक सांगते. हे कळल्यावर मी तीन आठवडे गप्प बसले. गप्प म्हणजे अगदी काहीच केलं नाही असं नाही, बापाच्या बहिणीला जाऊन बोलले, तिने पदराने डोळे पुसले आणि चहा दिला, एवढंच. लेखी काही केलं नाही. का, तर बाप आमच्या वाड्यावरच्या पंचाच्या (पंचायत सदस्याच्या) नात्यातला, माझी अंगणवाडी ज्या खोलीत चालते ती खोली त्यांच्या ओळखीवर मिळालेली, आणि मला भीती ही की मी कळवलं हे दुसऱ्या दिवशी तिठ्यावर सगळ्यांना कळेल. हे कारण चांगलं नाही, मला माहीत आहे. पण तुम्ही मीटिंगमध्ये म्हणता ना, लोक रिपोर्ट का करत नाहीत, तर यासाठी करत नाहीत.

शेवटी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुख्य सेविकेला सांगितलं, त्यांनी साध्या कागदावर लिहून द्यायला सांगितलं, दिलं, त्यांनी पुढे पाठवलं. त्यानंतर तो कागद कुठे गेला, कोणाच्या टेबलावर होता, कोणी वाचला, मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

आणि आता खरा मुद्दा. पुढे चौकशी वगैरे झाल्यावर हळूहळू कळत गेलं की या घराबद्दल माहिती फक्त मलाच होती असं नाही. शाळेतल्या बाईंना माहीत होतं, मुलगी जूनपासून आठवड्यातून दोन दिवस तरी गैरहजर आणि आली तर वर्गात झोपते, त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलेलं, मुख्याध्यापकांनी पालकांना चिठ्ठी पाठवलेली. म्हणजे चिठ्ठी गेली बापाच्या हातात, बापाला ती वाचून राग आला आणि त्याचं काय झालं असेल तुम्हीच विचार करा. हेल्थ सेंटरच्या नर्सबाईंना माहीत होतं की आई मे महिन्यात हात सुजलेला दाखवायला आली होती आणि पडले म्हणाली होती. पोलिसांना माहीत होतं, आईने 112 ला दोनदा फोन केला होता, दोन्ही वेळा गाडी आली, नवरा-बायकोचं भांडण म्हणून समजावून गेली, घरात दोन मुलं आहेत हे कुठेही लिहिलं गेलं नाही. रेशन दुकानदाराला माहीत होतं, दोन महिने कोणी तांदूळ न्यायला आलं नव्हतं. पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, माहीत होतं, सकाळी पाव घ्यायला मुलगीच यायची, पैसे नसायचे, हा बिचारा वहीत लिहून ठेवायचा आणि वहीतलं खोडायचा. आणि माझ्याकडे पोरग्याचं वजन! एप्रिलपासून वाढलंच नव्हतं, जुलैत तर घटलेलं, मी दर महिन्याला मोबाईलवर पोषण ट्रॅकरमध्ये (सरकारी ॲप आहे) आकडा टाकत होते आणि आकडा जात होता. कुठे जात होता देव जाणे.

सात माणसं, सात तुकडे. एकत्र ठेवले असते तर आंधळ्यालाही दिसलं असतं. पण नर्सबाईंकडचं मला माहीत नाही, माझ्याकडचं शाळेला माहीत नाही, शाळेचं पोलिसांना नाही, आणि आम्ही सगळे एकाच रस्त्यावर, पाचशे मीटरच्या आत! शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाताना नर्सबाई आणि मी एकाच कदंबा बसमध्ये असतो हो. सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा, भाव किती चढला यावर बोलतो.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. लंडनमध्ये 2000 साली व्हिक्टोरिया क्लिंबी नावाची आठ वर्षांची मुलगी सांभाळणाऱ्या नातेवाईक बाईच्या आणि तिच्या मित्राच्या छळाने मेली. ती काही कोणाच्या नजरेआड नव्हती. वेगवेगळ्या भागांतली समाजसेवा खाती, हाउसिंगवाले, पोलीस, दोन हॉस्पिटलं, मुलांसाठी काम करणारी मोठी संस्था, सगळ्यांनी तिला कधी ना कधी पाहिलेलं किंवा तिच्याबद्दल ऐकलेलं. लॉर्ड लॅमिंग यांनी चौकशी केली, जानेवारी 2003 मध्ये रिपोर्ट आला, त्यात म्हटलंय की तिला वाचवायच्या निदान 12 संधी होत्या. बारा! तिथे पैसा आहे, कॉम्प्युटर आहेत, प्रत्येक केसला माणूस आहे, आणि तरी. मग त्यांनी 2004 मध्ये कायदाच बदलला, मुलांच्या बाबतीत खात्यांनी एकमेकांशी सहकार्य करायचं असं कायद्यातच लिहिलं.

आणि तिकडे तो रिपोर्ट आला त्याच वर्षी, 2003 मध्ये, आपण इथे गोवा बालक कायदा केला. देशात पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, यायला 2012 उजाडलं, आपण नऊ वर्षं आधी केला, मुलांसाठी वेगळं कोर्टही सुरू केलं. कारण आपल्याला अनुभव होता. मडगावला तो फ्रेडी पीट्स अनाथ मुलांसाठी होम चालवतो म्हणून लोक त्याला मानायचे, मुलांच्या लैंगिक शोषणासाठी 1991 मध्ये पकडला, 1996 मध्ये जन्मठेप झाली. माझी आई त्या वेळी पेपर वाचून दोन दिवस नीट जेवली नव्हती, एवढ्या मुलांचं एवढी वर्षं कोणाला कसं कळलं नाही, हेच परत परत म्हणायची. आईचा तो प्रश्न मला या केसमध्ये सारखा आठवत होता. कळतं हो सगळ्यांना. थोडं थोडं कळतं.

तर कायदा आपल्याकडे कमी नाही. बाल न्याय कायदा 2015 चा आहे, त्यात बाल कल्याण समिती आहे (अशा मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवणारी), जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, प्रत्येक पोलीस स्टेशनात बाल कल्याण पोलीस अधिकारी असायला पाहिजे असं आहे, मूल सापडलं की 24 तासांत समितीपुढे न्यायचं असं आहे. 1098 आहे, मुलांसाठीचा मदतीचा फोन नंबर, आधी तो संस्था बघायच्या, 2023 पासून सरकारनेच हातात घेतला आणि 112 शी जोडला. गावपातळीवर मुलांसाठी समिती असावी हेही आहे. आमच्या पंचायतीतसुद्धा आहे म्हणे. मी तिची सदस्य आहे हे मला दोन वर्षांनी कळलं, एका रजिस्टरवर सही करताना, आणि त्या रजिस्टरप्रमाणे आमच्या तीन मीटिंगा झालेल्या आहेत, चहा-बिस्किटांच्या बिलासकट. बिस्किटं कोणती होती तेवढं तरी कोणी सांगा.

बरं, पुढे काय झालं ते सांगते.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, चार दिवस आधी दुपारी गाडी आली. मी माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या) सामानासाठी गेले होते, परत आले तर रस्त्यावर माणसं उभी, आणि पोरांना घेऊन गाडी गेलेली. माझ्या कागदावरून आली की बापाने आदल्या रात्री काही केलं म्हणून शेजाऱ्यांनी 1098 लावला त्यावरून आली, हेही मला अजून माहीत नाही. मुलगा माझ्याकडे रोज येतो, त्याला दूध पिताना कोणाच्या मांडीवर बसावं लागतं, लाईट गेली की तो कसा घाबरतो, हे सगळं मला माहीत होतं, दोन मिनिटं मला विचारलं असतं तर मी त्याची ती फाटकी चादर तरी बरोबर दिली असती जिच्याशिवाय तो झोपत नाही. ती चादर पुढे तीन महिने माझ्या कपाटात राहिली.

आता मोजा. पहिल्यांदा मला सांगितलं. मग शाळेच्या बाईंना, कारण बाईंनी पण वळ पाहिले. मग पोलिसांना. इथे एक चांगली गोष्ट सांगायलाच पाहिजे, आलेली पोलीस बाई साध्या ड्रेसमध्ये होती, खुर्ची सोडून जमिनीवर बसली, तिला पेन्सिल-कागद दिला आणि सगळ्यात आधी जेवलीस का विचारलं. मुलीला ती अजून आठवते. मग हॉस्पिटलात डॉक्टरांना. मग जिल्ह्याच्या ऑफिसमधून आलेल्या सरांना. मग समितीपुढे, टेबलाच्या पलीकडे मोठी माणसं बसलेली. मग ज्या होममध्ये, म्हणजे बालगृहात, ठेवलं तिथल्या मॅडमना, कारण त्यांच्याकडे स्वतःचा फॉर्म आहे. सात वेळा. मी नंतर एकदा भेटायला गेले तेव्हा सहज म्हणून विचारलं, कशी आहेस गं, तर माझ्याकडे बघून म्हणाली, "टीचर, परत सांगूं?"

मी काय बोलणार होते. तिच्या हिशोबात मोठ्या माणसाने कशी आहेस विचारलं की पट्ट्याची गोष्ट सांगायची असते.

मला माहीत आहे प्रत्येकाला आपापल्या जागी विचारावंच लागतं. डॉक्टर न विचारता कसं तपासणार, पोलीस न विचारता कसं लिहिणार. पण सातही जणांनी पहिल्यापासून, अगदी नाव काय, शाळा कुठली इथपासून विचारायचं का? आधीच्याने लिहिलेलं पुढच्याच्या हातात मूल पोचायच्या आधी का पोचत नाही? पोक्सोच्या केसमध्ये तरी मुलाबरोबर एक सपोर्ट पर्सन द्यायची सोय आहे, समितीने नेमलेला माणूस, जो पोलिसांपासून कोर्टापर्यंत बरोबर राहतो, सुप्रीम कोर्टानेही 2023 मध्ये यावर सरकारांना सूचना दिल्यात. मग ज्या मुलांची केस पोक्सोमध्ये बसत नाही, नुसती मारलेली, नुसती उपाशी, त्यांच्याबरोबर कोण? "नुसती" हा शब्द मी रागाने लिहिलाय, समजून घ्या.

आता मावशीची गोष्ट. या मुलांच्या आईची सख्खी बहीण तिथून बारा किलोमीटरवर राहते, एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे, नवरा रिक्षा चालवतो, एक मुलगा. मुलांना गाडी घेऊन गेली हे तिला कळलं ते माझ्याकडून, चवथीच्या दुसऱ्या दिवशी, मी नंबर शोधून फोन केला तेव्हा. ती त्याच दिवशी आली. हातात नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा. मी यांना घरी नेते म्हणाली. तिला वाटलं अंगणवाडीतूनच न्यायची असतात.

त्यानंतर तिने चार ऑफिसं केली. एकाने सांगितलं अर्ज करा, दुसऱ्याने सांगितलं आधी होम स्टडी होईल, म्हणजे घरी येऊन पाहणी, होम स्टडी करणारे सर रजेवर, चवथीनंतर या, चवथीनंतर ते ट्रेनिंगला. दर खेपेला तिचा एक दिवसाचा पगार कापला. कायदा काय म्हणतो ते मी नंतर एका वकील ओळखीच्याकडून समजून घेतलं, मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी कुटुंब, कुटुंबाचीच पहिली जबाबदारी. मग पहिल्याच दिवशी "याचं आणखी कोण आहे?" हा प्रश्न का नाही विचारला? मला विचारला असता तर सांगितलं असतं, शाळेच्या बाईंनी सांगितलं असतं, आणि मुलीने तर नक्कीच सांगितलं असतं, तिला मावशीचा मोबाईल नंबर पाठ होता. सात जणांनी पट्ट्याचं विचारलं, नंबर कोणी विचारला नाही.

पोरं मावशीकडे आली तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर. पहिल्या रात्री मुलीला वाटलं आता मावशीलाही सगळं सांगायचं, तशी ती चटईवर बसून तयारच झाली होती. मावशीने पेज वाढली, सोबत खाऱ्या बांगड्याचा तुकडा, आणि म्हणाली जेव आधी. हे मावशीने मला सांगितलं. पुढे काही विचारलं का म्हटलं तर म्हणाली, कशाला, सांगेल तेव्हा सांगेल.

म्हणजे आठवीने विचारलं नाही.

गोष्ट गोड संपली असं वाटेल, पण नाही. मुलीला नवीन शाळेत घालायचं तर जुन्या शाळेचा दाखला पाहिजे, जुनी शाळा म्हणते पालकांनी अर्ज करावा, पालक म्हणजे बाप. शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, तरी तिचे तीन आठवडे गेले. मग पैशाचा प्रश्न. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत स्पॉन्सरशिप आहे, महिन्याला मुलामागे 4,000 रुपये, चांगली योजना आहे, पण ग्रामीण भागात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 72,000 च्या आत पाहिजे. महिन्याचे झाले 6,000. अहो गोव्यात हॉटेलच्या किचनमध्ये भांडी घासणारीसुद्धा महिन्याला सहा हजारांवर कमावते, आणि तेवढ्यात गॅस, भाडं, कदंबाचा पास, मुलाची ट्युशन. मावशी या हिशोबात श्रीमंत निघाली! दिल्लीत ठरलेला आकडा इथे बसत नसेल तर राज्याने स्वतःचे पैसे घालून ती फट भरावी, गृहिणींना महिन्याला पैसे देणारी गृह आधार योजना आपण स्वतःच सुरू केली होती ना, मग हे का नको. नातेवाईक मुलांना घ्यायला तयार असतात, पण पहिल्या महिन्यात त्यांच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे, सहा महिन्यांनी फाइल मंजूर होऊन उपयोग काय, तोवर दुकानदार उधारी बंद करतो.

बापाबद्दल लिहिते म्हटलं होतं. तो खाणीवर ट्रक चालवायचा. स्वतःचा ट्रक, कर्ज काढून घेतलेला. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, मग थोड्या सुरू झाल्या, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने लीज रद्द केल्या, परत बंद. तो ट्रक अजून घरामागे उभा आहे, त्यावर घोसाळ्याचा वेल चढलाय, पोरं त्यात खेळायची. मी त्याला माफ करा म्हणत नाही, मीच त्याच्याविरुद्ध लिहून दिलंय. पण दारूचं व्यसन त्याला एका रात्रीत नाही लागलं, आठ-दहा वर्षं गाव बघत होता. त्या आठ-दहा वर्षांत त्या घराच्या दारात समजवायला, उपचाराला न्यायला, बायकोला काय करता येतं ते सांगायला कोणीच गेलं नाही. पोलीस गेले ते भांडण झाल्यावर. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात व्यसनाचे उपचार होतात हे त्याच्या बायकोला माहीतच नव्हतं, आणि माहीत असून नेणार कोण, जाणार कसं.

इथे मला संस्थांतल्या कौन्सेलर लोकांना आणि सरकारी खात्यांना एकदम सांगायचंय. तुमची दोघांची तोंडं लोकांना वेगळी दिसत नाहीत हो. आमच्याकडे बायकांना वाटतं कोणीही फाइल घेऊन आलं की मुलं घेऊन जातात. म्हणून त्या लपवतात. पडले म्हणतात. मदत मागितली तर मुलं जातील, ही भीती मारापेक्षा मोठी आहे. कौन्सेलर घरी आली तर ती मुलं न्यायला नाही, घर टिकवायला आली आहे, हे लोकांना पटायचं असेल तर ती मुलं न्यायच्या दिवशी पहिल्यांदा दिसून चालणार नाही. ती आधी दिसली पाहिजे, साध्या दिवशी, माझ्या पालक मीटिंगला, लसीकरणाच्या बुधवारी, बचत गटाच्या बैठकीत. चेहरा ओळखीचा झाला की बायका बोलतात, फार बोलतात, मग थांबवावं लागतं.

आणि सहकार्य म्हटलं की लगेच व्हॉट्सॅप ग्रुप काढू नका, ही हात जोडून विनंती. या केसनंतर एका उत्साही माणसाने काढला होता, दुसऱ्या दिवशी त्यात मुलीचा फोटो! आमचं गाव छोटं आहे, पंच कोणाचा तरी मामा असतो, कॉन्स्टेबल कोणाचा तरी जावई असतो. सगळ्यांना सगळं कळायची गरज नाही. नर्सबाईंना सगळी कहाणी नको, त्यांनी एवढंच कळवावं की या घरावर लक्ष ठेवा. मी एवढंच कळवेन की वजन घटतंय. हे तुकडे कोणातरी एकाच्या हातात पडले पाहिजेत, आणि तो एक कोण हे आम्हा सगळ्यांना नावानिशी माहीत पाहिजे. कक्ष नको, सेल नको, माणूस पाहिजे, फोन उचलणारा. आणि त्याची बदली झाली तर नवीन कोण ते कळवणारा.

दुसरं म्हणजे उलटा निरोप. मी कागद दिला, तो पोचला एवढं तरी कळवा. केसमध्ये काय चाललंय ते सांगू नका, गुप्त असतं, समजतं मला. नुसतं एक वाक्य: मिळालं, या व्यक्तीकडे आहे, आणखी काही दिसलं तर या नंबरवर सांगा. गॅस सिलिंडर बुक केला तरी मेसेज येतो! मी तीन आठवडे घाबरून, रात्र रात्र विचार करून एक कागद लिहिला आणि तो विहिरीत टाकल्यासारखा झाला, तर पुढच्या वेळी मी लिहीन का? मी लिहीन, मी हट्टी आहे, पण माझ्या शेजारच्या गावातली सेविका नवीन आहे, 24 वर्षांची, ती नाही लिहिणार.

मोठी कॉन्फरन्स पणजीला घेऊ नका, तिथे आम्ही पाठीमागच्या रांगेत बसतो आणि जेवून परत येतो. आमच्या गावात या. त्या मुलांच्या समितीची एक खरी मीटिंग करा, महिन्यातून अर्धा तास, नर्सबाई, शाळेच्या बाई, बीटचा पोलीस, कौन्सेलर आणि जिल्ह्याच्या कक्षातलं कोणीतरी एक. पंच आले तर येऊ देत, पण मुलांची नावं निघतील तेव्हा ते बाहेर चहा पितील, हे मी स्वतः त्यांच्याशी बोलून ठेवलंय आणि ते हो म्हणालेत, थोडं नाराज होऊन.

माझी अंगणवाडी साडेबाराला रिकामी होते. शनिवार बरा पडेल, नर्सबाईंना पण चालतो, शाळाही लवकर सुटते. खुर्च्या माझ्याकडे पाच आहेत, सहावी पंचायतीतून आणते. बिस्किटं मी आणेन, या वेळी खरी.

तुमची,
एक अंगणवाडी सेविका